ओळीत उगवलेला जव

थोरलीला नावानं हाक मारणारं गावात आता कोणी उरलं नव्हतं. सासरी पाऊल टाकलं तेव्हाच ती थोरली सून झाली, आणि पुढं दिराचं लग्न होऊन घरात धाकटी आली तेव्हा त्या थोरलेपणावर शिक्काच बसला. अंगानं उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ. काम असं की नाव ठेवायला जागा नाही, आणि जीभ अशी की कौतुक करायची कोणाची हिंमत नाही. पहाटे गायीचं दूध काढताना ती जपमाळेची प्रार्थना म्हणायची. गायीनं तोंडावर शेपटी मारली की 'नमो मरिये' अर्ध्यात थांबवून गायीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि मग जिथं सोडलं तिथूनच पुन्हा पुढं. देवालाही याची सवय झाली असावी.

तिच्या आयुष्यात मिरवावं असं एकच होतं, ते म्हणजे गहू.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, वेदीवरून जी पातळ, गोल, पांढरी भाकर ख्रिस्ताचं शरीर म्हणून देतात, जिला ओस्ती म्हणतात, ती नुसत्या गव्हाची आणि पाण्याची लागते. मीठ नाही, साखर नाही, दुसऱ्या धान्याचा कणही नाही. गावच्या चर्चचा हा गहू पहिल्यापासून थोरलीच्या सासऱ्यांच्या शेतातून जायचा. शेताच्या खालच्या अंगाला, विहिरीजवळ, काळ्याभोर मातीचा एक तुकडा होता. घरात त्याला 'वेदीचा तुकडा' म्हणत. तिथला गहू वेगळा मळायचा, वेगळा पाखडायचा आणि मग दाणा न् दाणा हातानं निवडून कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या सिस्टरकडे पोचवायचा. ओस्त्या भाजणं सिस्टरचं काम, निवडणं थोरलीचं. फुटका दाणा, किडका दाणा, तणाचं बी, खडा, काही म्हणता काही तिच्या बोटांखालून सुटायचं नाही. रविवारी फादर वेदीवर ओस्ती वर उचलत, तेव्हा सगळं चर्च माना खाली घाली. थोरली तेवढी मान वर करून बघायची. त्या पांढऱ्या गोलात एक ठिपका नसायचा, आणि तो का नसायचा हे देवाला आणि तिला दोघांनाच ठाऊक असायचं.

सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, धड सही येत नव्हती, पण त्यांचं धर्मशिक्षण पक्कं होतं. ते सगळं शेतातलं. नांगरताना मागं बघणाऱ्याचा तास वाकडा जातो, तसं फादरपुढं पापनिवेदन करून आल्यावर जुनं उकरत बसू नये, म्हणायचे. गाय दूध देते ती वासराकडे बघून, तसा माणूस दान देतो तो देवाकडे बघून. शेजाऱ्याकडे बघून दिलं तर ते आटतं. मुलं जांभया द्यायची. सुना ऐकायच्या, थोरली कर्तव्य म्हणून आणि धाकटी आवड म्हणून. एकदा खुरपताना त्यांनी दोघींना सांगितलं होतं, "पाप दोन जातींचं असतं, पोरींनो. एक वाऱ्यानं येतं. राग आला, जीभ घसरली, ते तण. बांधावर, वाटेत, कुठंही उगवतं, उपटलं की गेलं. दुसरं आपल्या हातानं पेरलेलं. ते ओळीत उगवतं. ओळ दिसली की समजायचं, हे कोणाचं तरी काम आहे."

"होय मामंजी," थोरली म्हणाली होती आणि खुरपं पुढं सरकवलं होतं.

मामंजी गेले. वाटणी झाली. चिठ्ठ्या टाकल्या आणि वेदीचा तुकडा धाकटीच्या वाट्याला गेला. थोरलीनं तोंडातून शब्द काढला नाही, पण पुढच्या कापणीला स्वतःच्या वरच्या शेतातला गहू निवडला आणि सिस्टरकडे नेऊन दिला. जुन्या फादरांनी विचारलं नाही, धाकटीनं विचारलं नाही, आणि थोरलीनं गृहीत धरलं की प्रश्न मिटला.

तसं धाकटीचं आणि तिचं भांडण कधीच नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडून मोकळं तरी होता येतं. धाकटी हसरी, बडबडी, मिस्सेला हमखास उशिरा येणारी. डोक्यावरचा रुमाल सरळ करत मागच्या दारानं शिरायची आणि थेट गायकांच्या बाकावर जाऊन असा काही सूर लावायची की फादरसुद्धा घड्याळ विसरायचे. थोरली सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या बाकावर बसायची. तिच्याकडे कोणी वळूनही बघायचं नाही. धाकटीनं कसंही पीठ मळावं, पाव फुगायचाच. तिनं कुंपणाला टोचलेली काडीसुद्धा फुलायची. तिच्या कोंबड्यादेखील अशा निलाजऱ्या की खुराड्यातल्या अंड्यांची टोपली भरून वाहत असायची, आणि थोरलीच्या कोंबड्या जणू उपास धरून बसल्या होत्या.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. खरं ठसठसत होतं ते वेगळंच. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं हगणंमुतणं थोरलीनं काढलं, रात्री-अपरात्री उठली ती थोरली. आणि शेवटच्या दिवशी सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "धाकटीला बोलवा गं. तिचा हात मऊ आहे." धाकटी आली, उशाशी बसली, कपाळावर हात ठेवला, आणि म्हातारी त्या हाताखाली शांतपणे गेली. थोरली पायाशी उभी होती, हातात ओली चादर घेऊन. ती चादर तिनं इतकी पिळली की विरली. त्या दिवसापासून धाकटीचं काहीही चांगलं झालं की थोरलीच्या पोटात दुखायचं. हे तिला कळत नव्हतं असं नाही, चांगलं कळत होतं. पापनिवेदनात ती दर खेपेला 'मत्सर' असा एक शब्द टाकायची, मधोमध, 'गायीला शिव्या दिल्या' आणि 'प्रार्थनेत डुलकी लागली' यांच्या मध्ये, म्हणजे फार उठून दिसणार नाही.

मग जुने फादर गेले आणि नवे आले. पोरसवदा, चष्मा लावणारे, मनानं चांगले. घरोघरी फिरताना थोरलीकडेही आले. तिचा नवरा पोटाच्या दुखण्यानं कधीचा घरी बसून होता. जवाच्या पातळ पेजेशिवाय त्याला काही पचायचं नाही. त्याच्यासाठी थोरली बांधाकडेला चार वाफे जव लावायची. गावात जव पेरणारी ती एकटीच. फादरांनी सगळी चौकशी केली, आजाऱ्याला आशीर्वाद दिला आणि उठता उठता म्हणाले, "बाई, तो वेदीचा तुकडा तुमच्या जाऊबाईंकडे आहे ना? मग यंदापासून ओस्तीचा गहू तिथूनच घेऊ. तुम्ही किती वर्षं राबलात. त्यात घरात दुखणं. आता जरा विसावा घ्या."

"घेते हो फादर," थोरली म्हणाली.

फादर फाटकाबाहेर पडले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विसावा!" ती नवऱ्याला म्हणाली. "म्हातारा बैल गोठ्यात बांधून ठेवतात, त्यालाही विसावाच म्हणतात!"

"बरंय की मग," नवरा म्हणाला. "मला सोबत झाली."

पेरणीचा दिवस आला. थोरली जवाचं गाठोडं काखेत मारून गिरणीकडे निघाली होती आणि वाट वेदीच्या तुकड्याच्या बांधावरून होती. ट्रॅक्टरवाला आणि दीर झाडाखाली जेवत होते. बांधावर बियाण्याचं पोतं तोंड उघडं टाकून ठेवलेलं. धाकटी घाईघाईनं घराकडे निघालेली, तिला बघून थांबली.

"ताई, देवासारख्या आलात! जरा बियाण्याकडे बघा ना, चिमण्या टपून बसल्यात. मी चहा घेऊन आलेच. तुम्हालाही आणते. साखर कमी, माहितीये मला."

आणि गेली. थोरली पोत्यापाशी उभी राहिली. गहू सुरेख होता, एकसारखा, टपोरा, लालसर. तिनं मूठभर हातात घेऊन बघितला, खोट सापडेना. हाच गहू उगवणार, हाच वेदीवर जाणार, आणि पुढच्या बाकावर बसून मान वर करून आपण धाकटीचा गहू बघायचा. वर तिला आपल्या चहातली साखरही माहीत. या शेवटच्या गोष्टीचा तिला का एवढा राग यावा, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिनं गाठोड्याची गाठ सोडली. चिमूट टाकली नाही, ओंजळ टाकली. एकीनं समाधान होईना म्हणून दुसरी टाकली. मग कोपरापर्यंत हात खुपसून तळापासून ढवळलं, अगदी मन लावून, तिची सगळीच कामं मन लावून केलेली असायची. चिमण्यांनी तेवढं बघितलं.

धाकटी चहा घेऊन आली. थोरली तो प्यायली. साखर बरोबर होती.

त्या दिवशी नवऱ्याला पेज मिळाली नाही. "गिरणी बंद होती," थोरली म्हणाली.

पुढं थंडी पडली, गहू वर आला, हिरवा झाला. कोवळेपणी गहू आणि जव वेगळे ओळखणं सोपं नाही. थोरलीला ओळखता आलं असतं, म्हणून तर ती त्या बांधावरून जायची सोडून लांबच्या वाटेनं जाऊ लागली. मनाची समजूत घातली, की दोन ओंजळी जव म्हणजे काही खून नव्हे. उगवेल न उगवेल. मिस्सेला जाई, ओस्ती घेई. जुन्याच, तिच्याच गव्हाच्या ओस्त्या अजून चालू होत्या. आपलाच गहू आपल्याला काय करणार, असं तिचं म्हणणं.

जव गव्हाच्या आधी निसवतो, ओंब्या आधी बाहेर काढतो. एके सकाळी धाकटी दारात उभी राहिली. नेहमीसारखी हसत नव्हती.

"ताई, वेदीच्या तुकड्यात जव आलाय. उपटायला पाहिजे, नाहीतर तो गहू ओस्तीला चालायचा नाही. तुमच्यासारखी नजर गावात कोणाची नाही. याल का?"

नाही कसं म्हणणार? थोरलीनं रुमाल बांधला आणि निघाली. बांधावर पोचली आणि जागीच थांबली. गहू अजून पोटरीतच होता, आणि त्याच्यावर डोकं काढून जवाच्या फिकट, लांब कुसळांच्या ओंब्या डुलत होत्या. इथं चार, तिथं दोन, पण सगळ्या एका रेषेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, यंत्रानं सोडल्या तशा, ओळीत. मामंजी समोर येऊन उभे राहिले असते तरी तिला इतकी भीती वाटली नसती.

"जुन्या पोत्यात राहिले असतील दाणे," धाकटी म्हणाली. "नाही का?"

"असतील," थोरली म्हणाली.

"तुम्ही त्या कडेनं धरा. मी विहिरीकडून येते."

विहिरीकडे झाडांची सावली होती. थोरलीच्या कडेला ऊन. ती वाकली आणि आपलाच जव उपटू लागली. मुळासकट काढायचा, शेजारचा गहू हलू द्यायचा नाही, पायाखाली येऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. पाठीचा काटा ढिला झाला. दोन ओंजळींत इतके दाणे असतात हे तिला ठाऊक नव्हतं; टाकताना कोण मोजतं. पलीकडून धाकटीचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि एवढ्या अपराधातही थोरलीच्या मनात यायचं, वाकून वाकून हिला दम कसा लागत नाही?

तिसऱ्या दिवशी एक ओंबी झटक्यानं उपटताना कुसळ तिच्या डोळ्यात गेलं. ती मटकन खाली बसली. धाकटी गहू सांभाळत, पाय जपून टाकत धावत आली.

"चोळू नका! वर बघा. माझ्याकडे नाही, आभाळाकडे बघा."

रुमालाचं टोक ओलं करून तिनं पापणी उलटली. थोरलीच्या कपाळावर तिचा दुसरा हात होता. तो हात खरंच मऊ होता. सासूबाईंना जे शेवटच्या दिवशी पाहिजे होतं ते आता थोरलीला कळलं, आणि तिला अधिकच मत्सर वाटला. आपला हात असा का नाही? आपल्याला देवानं दोन हात दिले ते नुसते खराटे का दिले?

"निघालं," धाकटी म्हणाली आणि बोटावरचं कुसळ दाखवलं. कुसळाची आणि मुसळाची म्हण सगळ्यांना पाठ आहे, ती इथं सांगत बसायला नको. थोरलीलाही पाठ होती. डोळ्यात पाणी आलं होतं, ते तिनं बराच वेळ वाहू दिलं. विचारलं कोणी तर कुसळ होतंच.

कापणी झाली, मळणी झाली. धाकटीच्या पडवीत चार बायका गहू निवडायला बसल्या, थोरलीला मानानं मधे बसवलं. तिच्या बोटांना जवाचा एक दाणा लागला. तिनं तो गुपचूप खिशात टाकला. थोड्या वेळानं आणखी एक. म्हणजे उपटताना काही सुटलं होतं. शेजारची म्हणाली, "थोरलीच्या हाताखालून सुटेल तो दाणा कसला!" सगळ्या हसल्या. थोरलीनं निवडलेला ढीग पुन्हा पुढं ओढला आणि पहिल्यापासून निवडायला घेतला.

नव्या गव्हाच्या ओस्त्यांची पहिली मिस्सा झाली. फादरांनी वेदीवरून धाकटीचे आभार मानले, आणि "या सेवेची परंपरा चालवणाऱ्या थोरल्या बाईंचे"सुद्धा. त्यांनी ओस्ती वर उचलली. सवयीनं थोरलीनं मान वर केली. पांढरा गोल लख्ख होता, पण तिला वाटलं, पिठात कण दिसत नाहीत. एखादा जव असेलच आत, आपण पेरलेला. आपण वेदीपर्यंत आपला मत्सर पोचवला, दळून, भाजून, पांढरा करून. लोक रांगेनं ओस्ती घ्यायला निघाले. थोरली बसून राहिली. पुढच्या बाकावर बसलेलं माणूस बसून राहिलं की सगळ्या चर्चला दिसतं.

बाहेर पडेपर्यंत निकाल लागला होता. "धाकटीच्या गव्हाची म्हणून घेतली नाही." "अगं, जळते ती!" "जळावं माणसानं, पण देवावर राग काढावा?" पुढच्या रविवारीही ती बसून राहिली. त्या दिवशी गायकांच्या बाकावर धाकटीचा सूर लागलाच नाही. मिस्सा संपल्यावर कोणीतरी सांगितलं, बिचारी मागच्या दारापाशी डोळे पुसत होती.

थोरली तरातरा घरी आली आणि भांडी आपटू लागली. "मला जळकी म्हणतात!"

"आहेसच," नवरा खाटेवरून म्हणाला. "गावात माझ्या पोटदुखीवर औषध आहे. तुझ्या पोटदुखीवर नाही."

"जळकी म्हणा, शंभरदा म्हणा! पण मी देवाला नाकारलं म्हणतात! त्याचं शरीर मी नाकारलं, ते धाकटीच्या शेतातून आलं म्हणून! अहो, मी लायक नाही म्हणून बसते, आणि यांना वाटतं मी रुसून बसते!"

"लायक का नाहीस?"

तिनं हातातलं पातेलं उपडं घातलं. गाव समजत होतं त्यापेक्षा खरी गोष्ट वाईट होती. पण गाव जे समजत होतं तेही तिला सोसवेना. आयुष्यभर पुढच्या बाकावर बसली होती, ती काय देवाशी वैर धरायला? तोंड बंद ठेवलं तर जन्मभर देवाला नाकारणारी म्हणून राहायचं, आणि उघडलं तर ते उघडायचं कोणापुढं? तर सगळ्या जगात नेमकं धाकटीपुढं.

शनिवारी दुपारी ती गेली. धाकटी अंगणात खुराडं झाडत होती, केसांत पिसं. त्या निलाजऱ्या कोंबड्या पायांत घोटाळत होत्या.

"बसा ताई. चहा टाकते."

"चहा नको!" थोरली ओरडलीच. "तुझा चहा नको मला. ऐक. तो जव मी टाकला. बियाण्यात. दोन ओंजळी. तू मला राखायला ठेवून गेलीस तेव्हा. ढवळलासुद्धा." बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता आभाळ कोसळेल. एक कोंबडी तिच्या चपलेवर चोच मारत होती.

धाकटीनं झाडू भिंतीला टेकवला. "माहितीये मला," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"ओंब्या आल्या त्या दिवशीच कळलं. ओळीत होत्या ना, ताई. मामंजींनी दोघींनाच सांगितलं होतं, तुम्ही एकट्याच होता का तिथं? आणि गावात जव तुमच्याशिवाय लावतं कोण?"

थोरली उलट्या टोपलीवर बसली.

"मग... मग मला का बोलावलंस उपटायला?"

"दुसऱ्या कोणाला बोलावलं असतं तर त्यालाही ओळी दिसल्या असत्या. यांना मी पोत्याचं सांगितलं, हे शेतात नीट बघतात कुठं. बाकी कोणाला पाय टाकू दिला नाही तिथं." धाकटीनं नाक पुसलं. "आणि राग आला नाही असं समजू नका हां. आठ दिवस तुमच्या नावानं बोटं मोडली मी. तुम्हाला मुद्दाम उन्हाची कड दिली. म्हटलं, पेरलाय ना, आता उपटू दे पाठ मोडेस्तोवर. आम्ही सावलीतून गाणी म्हणतो."

"उन्हाची मुद्दाम?"

"मुद्दाम!"

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तिला धाकटी जराशी आवडली.

"मग रडत का होतीस चर्चमध्ये?"

"रडू नको तर काय करू? उपटून झालं, वाटलं मिटलं. आणि तुम्ही बसून राहिलात. मला वाटलं, एवढं करून हिचं पोट भरलं नाही, आता माझ्या गव्हाची ओस्तीसुद्धा हिला नको." तिनं केसांतलं पीस ओढून फेकलं. "ती काही माझी असते का, ताई? वेदीवर गेल्यावर कोणाचा गहू?"

"मी लायक नव्हते म्हणून बसले," थोरली हळू म्हणाली. "आणि जव राहिला असेल त्यात, एखादा दाणा. मला दोन सापडले होते निवडताना."

"मला तीन. एखाददुसऱ्या दाण्यानं काही होत नाही. सिस्टरना विचारून घेतलं मी, असंच, पोत्याचं नाव सांगून." धाकटीनं डोळे पुसले. "उद्या मिस्सेआधी फादरांकडे जा. मी काही त्यांना सांगणार नाही. ते तुमचं काम."

घरी येताना थोरलीला हलकं वाटायला हवं होतं. वाटतही होतं. पण चार पावलांवर तिच्या डोक्यात आलं, म्हणजे हिला सगळं आधीपासून माहीत होतं. आपण कळ सोसून सांगायला गेलो, तर माफ करून ही कधीची मोकळी! मोठेपणा मिळवायची एक संधी आली होती, तीही धाकटीनंच आधी उचलली. संतापानं ती वाटेत थांबली, आणि मग एकटीच मोठ्यानं हसली. बांधावरच्या गुराख्यानं वळून बघितलं.

रविवारी ती पापनिवेदनाला गेली. या खेपेला 'मत्सर' हा शब्द मधोमध घातला नाही. आधी तोच, आणि त्याच्यामागं ओंजळी, पोतं, ढवळणं, गिरणीची थाप, सगळं. जाळीपलीकडे फादरांनी चष्मा काढून पुसला. मग खोकले. मग त्यांनी प्रायश्चित्त दिलं, की पुढच्या कापणीपर्यंत रोज एक 'नमो मरिये' जाऊबाईंच्या पिकासाठी म्हणायची.

"रोज?" थोरलीच्या तोंडून निघालं. म्हणजे धाकटीचं पीक आणखी चांगलं येणार, आणि तेही आपल्या प्रार्थनेनं! पण प्रायश्चित्तावर घासाघीस चालत नाही. तिनं मान डोलवली.

मिस्सेत ओस्ती घ्यायची वेळ झाली आणि ती उठली. चर्चभर कुजबुज झाली. धाकटी गायकांच्या बाकावरून उतरून रांगेत येत होती. थोरलीला बघून ती एक पाऊल मागं सरली, तिला पुढं जाऊ देण्यासाठी. थोरलीनं तिच्या कोपराला धरलं आणि पुढं ढकललं. धाकटी हलेना. "तुम्ही आधी, ताई." "तू हो पुढं." "नाही, तुम्ही." मागून गावची म्हातारी सुईण करवादली, "जा गं बायांनो कोणीतरी, माझे गुडघे दुखतात!" तेव्हा थोरली पुढं झाली.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

"आमेन," थोरली म्हणाली.

ओस्ती जिभेवर आली, विरघळू लागली. गव्हाची चव तिच्या जिभेला पक्की ठाऊक होती, किती वर्षांची. हा गहू चांगला होता. नुसता चांगला नाही, वरच्या शेतातल्या तिच्या गव्हापेक्षा चांगला, गोडसर, भरलेला, काळ्या मातीतला. तिच्या पोटात पुन्हा कळ उठली, ओळखीची, तीच. पण आता काय उपयोग, आमेन तर म्हणून झालं होतं.